शाळा सगळ्यांची, कायदाही सगळ्यांचा

आज जरा अवघड विषय घेऊन तुमच्याशी बोलायला बसले आहे.

आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, सह्या झाल्या आणि चहा येईपर्यंत दोन वाद पेटले. एकीचं म्हणणं, जिल्हा परिषदेच्या शाळेत परिपाठाला रोज आपल्या देवाची आरती व्हायलाच हवी आणि सगळ्या पोरांनी ती म्हणायलाच हवी. दुसरी हळू आवाजात नात्यातल्या एका मुलाबद्दल बोलली. तो घरी म्हणाला, "मला मुलींची ओढ नाही, मुलांची आहे." घरचे म्हणतात, लग्न लावून द्या, सुधारेल. (तिला विचारूनच हे सांगते आहे. नातं आणि गाव सांगणार नाही.) दोन्ही वेळी शेवटचं वाक्य एकच आलं: "आपल्या धर्मात असंच आहे."

मला काय वाटतं ते सांगतेच. पण आधी कायदा काय सांगतो ते ऐका.

आपल्या राज्यघटनेचं २८ वं कलम शाळांबद्दल आहे. जी शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते, तिथे कोणत्याही एका धर्माचं शिक्षण देता येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत धर्मशिक्षण किंवा उपासना होत असेल, तर मुलाला त्यात बसवायला पालकांची संमती लागते. जबरदस्ती नाही. धर्मांविषयी माहिती देणं मात्र वेगळं. संत कोण होते, ईद का साजरी करतात, बुद्धांनी काय सांगितलं, हे पोरांनी जरूर शिकावं.

एक खरी गोष्ट सांगते. १९८५ साली केरळमध्ये तीन भावंडांना शाळेतून काढून टाकलं. राष्ट्रगीत सुरू असताना ती आदरानं उभी राहायची, पण गायची नाहीत, कारण त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. वडील सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८६ साली न्यायालयानं मुलांना परत शाळेत घ्यायला सांगितलं. मुलं उभी राहत होती, कुणाचा अपमान करत नव्हती, मग त्यांच्या मनावर जबरदस्ती कशाला?

आता दुसरा वाद. पुरुषाला पुरुषाची किंवा बाईला बाईची ओढ वाटते, अशा माणसांना समलिंगी म्हणतात. तृतीयपंथी आणि समलिंगी एकच नव्हेत, हेही लक्षात घ्या. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडसंहितेत ३७७ वं कलम होतं. त्यामुळे असे संबंध गुन्हा ठरत. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, की दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीनं, खासगीत ठेवलेले संबंध गुन्हा नाहीत. अठरा वर्षांखालचं मूल असेल, तर तो आजही गुन्हाच आहे. समलिंगी जोडप्यांच्या लग्नाला मात्र कायद्याची मान्यता नाही. २०२३ साली न्यायालयानं ते काम संसदेचं आहे असं म्हटलं.

हा आजारही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. म्हणून देवऋषीकडे नेऊन अंगारा लावू नका. भूत उतरवतो म्हणून कुणी मारहाण केली, चटके दिले, तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे.

आता माझं मत. मी रोज देवापुढे दिवा लावते. एकादशी धरते. ते माझं आहे, माझ्या घरातलं आहे. पण शाळेत माझ्या नातवाशेजारी दुसऱ्या धर्माचं लेकरू बसतं. त्याच्या आईनंही त्याला तितक्याच विश्वासानं पाठवलेलं असतं. उद्या मी दुसऱ्या गावी राहायला गेले, तिथे माझा धर्म थोड्यांचा असला, तर माझ्या नातवावर कुणी सक्ती केलेली मला चालेल का? नाही चालणार. मग मीही करू नये.

त्या मुलाचंही तसंच. तुमच्या श्रद्धेला त्याचं वागणं पटत नसेल, तर न पटो. मन बदला असं कायदा सांगत नाही. पण आपल्या श्रद्धेची काठी करून दुसऱ्याला मारू नये. आणि बायांनो, त्या लग्नाचा विचार करा. त्याला बोहल्यावर चढवलं, तर शेजारी जी पोर उभी राहील, तिचा काय गुन्हा? नवरा जवळ येत नाही म्हणून बोल तिलाच लागतील. वांझ म्हणतील तिलाच. माहेरी परत येईल तीच. आपल्या लेकीला असं स्थळ फसवून दिलेलं आपल्याला सोसेल का?

त्या दिवशी बैठकीत मी एवढंच म्हटलं: मुलाला आधी घरात बसवा, जेवू घाला, त्याचं ऐका. त्याची गोष्ट गावभर करू नका. तो खचलेला दिसला, जिवाचं बरंवाईट करायचं बोलू लागला, तर सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांना दाखवा. ते त्याला बदलायला नव्हे, सावरायला.

सगळ्या जणींना पटलं नाही. आरतीवाली ताई अजून रुसली आहे. पण परवा पाणवठ्यावर ती त्या दुसरीला म्हणाली, "पोराला आमच्याकडे जेवायला पाठव गं एकदा." मला तेवढं पुरे आहे. तुमच्या गटात हा विषय काढून बघा. भांडण झालं तरी चालेल, चहा मात्र एकत्रच प्या.