खिशातले संगीत आणि गाळलेला ध्वनी

गाणे खिशात घालून हिंडता येते, हे जगाला प्रथम पटवले ते कॅसेटने. सोनी कंपनीचा वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानच्या बाजारात आला. त्यातली फीत चुंबकीय होती. ध्वनीच्या लहरीचा चढउतार तिच्यावर जसाच्या तसा उमटत असे. १९८२ साली आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने मात्र ध्वनीचे आकडे केले. एका सेकंदात ४४,१०० वेळा लहरीची उंची मोजायची आणि ते माप लिहून ठेवायचे, अशी ही रीत. तिला जागा फार लागते : एका मिनिटाच्या ध्वनीला सुमारे १० मेगाबाइट.

ही जागेची अडचण ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. १९९८ साली दक्षिण कोरियातील सेहान कंपनीने ‘एमपीमॅन’ हा पहिला विक्रीयोग्य डिजिटल वादक आणला, तेव्हा त्याची स्मृती ३२ मेगाबाइटची होती. सीडीच्या दर्जाने भरले असते, तर त्यात तीन मिनिटांचे एखादेच गाणे मावले असते. साध्या कॅसेटीनेही त्याला हसावे, अशी ही अवस्था!

तोडगा जर्मनीतून आला. एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी कानाच्या मर्यादांचा उपयोग करून घेतला. जयंतीच्या मिरवणुकीत ताशा कडाडत असताना शेजारच्याचे कुजबुजणे आपल्याला ऐकू येत नाही. मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो. असा झाकला जाणारा ध्वनी मुळात नोंदवायचाच कशाला, या विचारातून एमपी३ ही पद्धत घडली. सर्वसाधारण वापरात तिने जागा अकरा पटींनी कमी केली. ३२ मेगाबाइटमध्ये अर्ध्या तासाहून अधिक संगीत बसू लागले.

येथे आम्हांला पालि वाङ्मयातील ‘पेय्याल’ आठवतो. सुत्तांत तोच मजकूर पुन्हा आला की लेखक ‘पे’ एवढेच लिहितो आणि पाठ करणारा भिक्खू गाळलेला भाग मनातून पुरा करतो. हाही संक्षेपच, पण त्यात काही हरवत नाही. एमपी३ने गाळलेला ध्वनी मात्र कायमचा जातो. दोन्ही संक्षेपांतला हा भेद आमच्या मते साऱ्या विषयाचे मर्म आहे.

पुढची वाटचाल वेगाने झाली. १९९८ सालीच अमेरिकेत ‘रिओ’ नावाचा वादक आला. ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने त्यावर खटला भरला. १९९९ साली अपील न्यायालयाने वादकाच्या बाजूने निकाल दिला. २३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपलने पाच गिगाबाइटच्या चिमुकल्या हार्डडिस्कचा आयपॉड सादर केला. त्यात हजार गाणी मावत. नंतर मोबाइलनेच वादकाचे काम उचलले आणि २०२२ साली आयपॉडचे उत्पादन थांबले. आपल्याकडे बहुतेकांनी आयपॉड पाहिलाही नाही. कॅसेटीनंतर आले ते मोबाइलच्या दुकानात गाणी भरून मिळणारे मेमरी कार्ड.

त्या कार्डांवर भीमगीतेही आली, पण बहुधा एमपी३च्या रूपात, आणि कित्येकदा संक्षेपाचा पुन्हा संक्षेप होऊन. प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांच्या कंपन्यांनी काढलेल्या कॅसेटींची चिंता थोडी कमी. पण वस्तीवरच्या गायन पार्ट्यांचे कार्यक्रम, विहारातली प्रवचने, जलशांची हौशी मुद्रणे यांची प्रत बहुधा एकच असते. फीत कालांतराने चिकटते, तिच्यावरचा चुंबकीय थर झडतो, आणि प्रत्येक वेळी वाजवताना ती थोडी झिजते. म्हणून यंत्राचे हेड स्वच्छ करून अशी फीत शक्यतो एकदाच नीट वाजवावी आणि तेवढ्यातच तिची पूर्ण, असंक्षिप्त नोंद ‘वेव्ह’ स्वरूपात घ्यावी. ऐकण्यासाठी त्यावरून हव्या तितक्या एमपी३ प्रती निघतात. उलट मात्र होत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटीला असे सुमारे ६३५ मेगाबाइट लागतात. एमपीमॅनच्या काळी ही चैन होती. आज नखाएवढ्या ३२ गिगाबाइटच्या कार्डावर अशा चाळीसहून अधिक कॅसेटी काहीही न गाळता मावतात.