मोटारींची चढाओढ आणि आडगांवचा शेतकरी

तालुक्याच्या हमरस्त्यावर उभें राहिलें म्हणजे वाहनांची उणीव आहे असें कोणासही वाटणार नाहीं. एस. टी. येण्यापूर्वींच वडापवाला उतारूंस हाका मारतो. त्याच्यामागें खासगी आरामगाडी येऊन थांबते. या चढाओढीनें भाडें उतरतें व खोळंबा टळतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु हमरस्त्यापासून दूर राहणाऱ्या शेतकऱ्यानें याचा हिशेब निराळ्या रीतीनें मांडला पाहिजे.

हा प्रश्न नवा नव्हे. पूर्वीं मुंबई इलाख्यांत उतारूंच्या मोटारी खासगी मालकांच्या असत व भरपूर उतारूंच्या मार्गावर त्यांची झुंबड उडे. १९३९ च्या मोटार कायद्यानें परवान्यांचें नियंत्रण घट्ट केलें. पुढें १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धांवली. या व्यवस्थेचें मर्म असें कीं, किफायतीच्या मार्गाच्या उत्पन्नांतून तोट्याचा मार्ग चालावा.

खेड्यांत रात्रीं मुक्कामास येऊन पहाटे निघणारी गाडी याच आधारावर चालते. तिच्यांतूनच भाजीची पाटी बाजारास जाते, मुलें शाळेस जातात, आजारी माणूस दवाखाना गांठतो. खासगी वाहनवाला मात्र गर्दीची वेळ व गर्दीचा रस्ता तेवढा उचलतो. एस. टी. चें उत्पन्न घटलें कीं पहिली कुऱ्हाड आडगांवच्या फेरीवर पडते. फेरी कमी झाली कीं उतारू दुसरी सोय पाहतात, आणि तोटा अधिकच वाढतो. २०२१-२२ च्या दीर्घ संपांत याची प्रचीति आली. हमरस्त्यावर जादा भाडें देऊन कां होईना वाहन मिळे. आडगांवच्या मुलांस मात्र शाळेसाठीं पायपीट करावी लागली.

परदेशचा अनुभवही असाच आहे. ब्रिटनमध्यें लंडनबाहेर १९८६ सालीं बसधंदा खुला झाला. कंपन्या किफायतीच्या रस्त्यांवर धांवल्या, आणि गरजेचे पण तोट्याचे मार्ग चालविण्यासाठीं स्थानिक संस्थांना पदरचा पैसा मोजावा लागला.

चढाओढ बंद करा, असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याला हमरस्ता हवा त्यानें आडरस्त्याचाही कांहीं भार उचलावा, एवढेंच आम्ही म्हणतों. आमच्या वाचकांनींही स्वस्थ बसूं नये. कोणत्या वेळीं किती उतारू असतात याची पंधरा दिवसांची नोंद ठेवावी व ती ग्रामसभेच्या ठरावासह आगार व्यवस्थापकांकडे द्यावी. नुसत्या तक्रारीपेक्षां आंकड्यांना अधिक वजन असतें.