पुसलेला विभाग, शाबूत दप्तर

लिनक्स प्रणालीवर काम करताना हार्ड डिस्कवरील एखादा विभाग, म्हणजे पार्टिशन, चुकून काढून टाकला गेला की वर्षानुवर्षांचे हिशेब नि नोंदी कायमच्या गेल्या, असा समज होतो. वस्तुतः त्या क्षणी पुसली जाते ती केवळ हद्दीची नोंद. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पहिल्या ५१२ बाइटांच्या खंडात अवघ्या ६४ बाइटांचा तक्ता असतो; चार विभागांचा आरंभ व लांबी त्यात लिहिलेली असते. गावनकाशावरील रेघ खोडली म्हणून शेत हलत नाही. नव्या जीपीटी पद्धतीत तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते खरी, परंतु विभाग काढताना तीही बदलली जाते. तिच्यावर विसंबू नये.

खरी हानी होते ती नंतरच्या घाईने. नवा विभाग आखून तो फॉरमॅट केला, की जुन्या माहितीवर नवे लेखन होते. म्हणून त्या डिस्कवर काहीही लिहू नये. विभाग वापरात असतानाच चूक झाली असेल, तर संगणक बंदही करू नये; चालू कर्नेलच्या स्मृतीत जुन्या हद्दी बहुधा शिल्लक असतात. त्या कागदावर उतरवून घ्याव्यात.

हद्दी ठाऊक नसल्यास यूएसबीवरील लिनक्सने संगणक सुरू करून प्रथम संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. नंतर क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी रचलेली 'टेस्टडिस्क' ही विनामूल्य आज्ञावली वापरावी. फाइल व्यवस्थेच्या खुणा शोधून ती हरवलेल्या विभागाचा आरंभ व शेवट ठरविते. तक्ता लिहिण्यापूर्वी विभागातील फाइलींची यादी तिच्यातच उघडून पाहता येते. ओळखीची नावे दिसली, तरच लेखनाची आज्ञा द्यावी.