फड्या निवडुंग : फळ गोड, कुंपण घातक

समुद्रकाठच्या वाळूत, खाऱ्या वाऱ्याला न जुमानता वाढणारा फड्या निवडुंग मूळचा मेक्सिकोचे आखात व कॅरिबियन बेटांच्या किनाऱ्यावरचा. महाराष्ट्रात तो कोरड्या माळरानावरही आढळतो. त्याची पिकलेली जांभळी बोंडे खाण्याजोगी असतात. मात्र लांब काट्यांपेक्षा बोंडावरील केसांसारखी कुसळेच अधिक त्रासदायक होत. जिभेत रुतली, तर ती सहजी निघत नाहीत. म्हणून बोंड चिमट्याने तोडावे, कुसळे विस्तवावर जाळावीत आणि साल सोलून मगच गर खावा.

कुंपणासाठी हा निवडुंग लावण्याचा मोह मात्र आवरलेला बरा. जमिनीवर पडलेल्या त्याच्या तुकड्यालाही मुळे फुटतात; बिया पक्षी दूरवर नेतात. ऑस्ट्रेलियात त्याने लक्षावधी एकर जमीन व्यापली. ती मोकळी करण्यासाठी १९२५ साली अर्जेंटिनाहून कॅक्टोब्लास्टिस हा पतंग आणावा लागला. भारतात हे काम १९२६ मध्ये त्या वेळच्या सिलोनमधून आणलेल्या कोचिनील किड्याने केले. पांढऱ्या, कापसासारख्या आवरणाखाली राहून हा कीटक निवडुंगाचा रस शोषतो. त्याने निवडुंगाची रानेच्या राने वाळवली, तरी निवडुंग समूळ नाहीसा झाला नाही. चाऱ्यासाठी ज्या बिनकाटेरी निवडुंगाची शिफारस केली जाते, तो निराळ्या जातीचा होय.