गाडीची सर्व्हिसिंग : घरी करावी की शोरूमला द्यावी?

आजचा विषय तसा रोजच्या वापरातला आहे. मोटरसायकलची ठरलेली सर्व्हिसिंग स्वतः करायची की डीलरकडे द्यायची? यावर दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, "शोरूमवाले फक्त गाडी धुऊन देतात." दुसरा म्हणतो, "आपण हात लावला की गाडी बिघडली." दोन्ही मतं आपण जरा बाजूला ठेवू आणि कामं एकेक करून बघू, कारण या प्रश्नाचं उत्तर सगळ्या कामांना एकच नाही.

सुरुवात गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकापासून. बहुतेकांच्या घरी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत तसंच पडलेलं असतं. त्यात शेवटी एक तक्ता असतो: किती किलोमीटरला काय तपासायचं, काय बदलायचं. त्याच्याबरोबर दिवस किंवा महिनेही दिलेले असतात आणि 'जे आधी होईल ते' असं लिहिलेलं असतं. हे शब्द महत्त्वाचे आहेत. समजा, ऑइलची मुदत ३,००० किलोमीटर आहे. डिलिव्हरीचं काम करणारा मुलगा रोज १०० किलोमीटर फिरतो. त्याची मुदत ३० दिवसांत संपते. रोज १० किलोमीटर जाणाऱ्याला तेवढंच अंतर कापायला ३०० दिवस लागतात. पण त्याचं ऑइल तेवढे दिवस ताजं राहत नाही. जवळच्या फेऱ्यांमध्ये इंजिन पुरतं तापत नाही, ओलावा आत साठतो. म्हणून त्याने किलोमीटरकडे न बघता तारखेकडे बघायचं.

आता कामांचे तीन गठ्ठे करू.

पहिला गठ्ठा, प्रत्येकाने घरी करायची कामं. टायरमधली हवा, ऑइलची पातळी, चेन साफ करणं आणि तिला तेल देणं, क्लचचा प्ले, दिवे, ब्रेक किती झिजलेत ते बघणं. यातलं चेनचं काम सर्वांत जास्त दुर्लक्षित. खालच्या बाजूला मधोमध बोटाने चेन वर-खाली करून बघा. किती हलायला हवी तो आकडा पुस्तकात मिलिमीटरमध्ये असतो. "घट्ट असली की बरी" असं अनेकांना वाटतं, ते चुकीचं आहे. मागे माणूस बसला, गाडी खड्ड्यातून गेली, की सस्पेन्शन दबतं आणि चेन आणखी ताणली जाते. तो ताण थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. आणि एक सवय सोडा: इंजिनमधून काढलेलं जळकं ऑइल चेनला लावायची. त्यात धातूचा बारीक कीस असतो. आपण पैसे वाचवतो आणि चेन-स्प्रॉकेट घासून काढतो.

दुसरा गठ्ठा, शिकून करण्यासारखी कामं. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलणं, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, चेन टाइट करणं. यात ऑइलबद्दल दोन गोष्टी नीट समजून घ्या.

एक, बहुतेक मोटरसायकलींमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये चालतात. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक असू शकतात. ते क्लचवर गेले की क्लच घसरायला लागतो. म्हणून डब्यावर 'जेएएसओ एमए' किंवा 'एमए२' लिहिलंय का ते पाहायचं, आणि १०डब्ल्यू-३० वगैरे ग्रेड पुस्तकात असेल तीच घ्यायची.

दोन, खालचा ड्रेन बोल्ट. बोल्ट लोखंडी, इंजिनचं आवरण ॲल्युमिनियमचं. जोर लावून पिळला की आटे जातात, आणि शे-दोनशे रुपयांची मजुरी वाचवायला गेलेल्याला मोठा खर्च बसतो. बोल्ट आधी हाताने बसवायचा, वॉशर नवा टाकायचा आणि टॉर्क रेंच पुस्तकातल्या आकड्यावर लावून घट्ट करायचा.

तिसरा गठ्ठा, जाणकाराकडेच द्यायची कामं. यात पहिलं नाव टॅपेट सेटिंगचं. व्हॉल्व्हजवळची ही फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात, तीही इंजिन पूर्ण थंड असताना. गंमत अशी, की फट वाढली की टकटक आवाज येतो आणि आपण घाबरतो. पण फट कमी झाली तर गाडी एकदम शांत चालते. आत मात्र व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, गरम वायू त्याच्या कडेने निसटतात आणि व्हॉल्व्ह जळतो. म्हणजे आवाज नाही म्हणून सगळं ठीक, असं समजू नका. दुसरं, डिस्क ब्रेकचं फ्लुइड. ते हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे घाटात सतत ब्रेक लावल्यावर उकळू शकतं. बदलताना नळीत हवा राहिली तर लिव्हर मऊ पडतो आणि ब्रेक लागत नाही. इथे पैसे वाचवण्याचा प्रश्नच नाही, जिवाचा प्रश्न आहे. तिसरं, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर बहुतेक गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. त्यांतले दोष शोधायला बऱ्याचदा स्कॅनर लागतो.

मग वॉरंटीचं काय? सरळ सांगतो: वॉरंटी चालू आहे तोवर ठरलेल्या सर्व्हिस अधिकृत केंद्रातच करा. वेळेवर सर्व्हिस केल्याची नोंद नसेल, तर इंजिनचा दावा नाकारायला कंपनीच्या हाती कारण मिळतं. मधल्या काळात पहिल्या गठ्ठ्यातली कामं घरी करायला कोणीही अडवत नाही.

डीलरकडे गेलात तरी डोळे उघडे ठेवून जा. "जनरल चेकअप" एवढंच लिहू देऊ नका. जॉब कार्डवर एकेक काम लिहून घ्या: चेन टाइट, टॅपेट तपासणी, मागचा ब्रेक. बदललेले भाग परत मागा. गाडी घेताना ऑइलची पातळी आणि चेन स्वतः बघा. ज्याने ही कामं घरी केलेली असतात त्याला बिल वाचता येतं. माझ्या मते स्वतः शिकण्याचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे.

(श्रोत्यांमधून प्रश्न : काढलेलं ऑइल टाकायचं कुठे?)

चांगला प्रश्न. गटारात नाही, मातीत नाही, कचऱ्याच्या डब्यातही नाही. ते घातक कचऱ्यात मोडतं. जुन्या कॅनमध्ये भरून ठेवा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्या. तेवढी सोय होत नसेल तर ऑइल बदलायला सरळ गॅरेजलाच जा, मी म्हणेन.

शेवटी एवढंच: एक वही करा. तारीख, किलोमीटर, काय केलं, बिल. काम कोणीही करो, नोंद आपल्याकडे हवी. उद्या गाडी विकताना घेणाऱ्याला तोंडी खात्री द्यावी लागत नाही. वही पुढे करायची.