चौदा सुयांनी शिकविलेला धडा

पिसाळलेले कुत्रे चावले म्हणजे पोटात चौदा इंजेक्शने, हे समीकरण आमच्या पिढीच्या मनावर पाढ्यांइतकेच पक्के कोरले गेले होते. त्या सुयांच्या धास्तीने कुत्रा चावल्याचे घरी लपविणारी मुलेही आम्ही पाहिली आहेत. सुयांचे दुखणे सर्वांना ठाऊक होते. परंतु त्या लसीत एक निराळा धोकाही दडलेला होता, आणि त्याचा माग काढता काढता शास्त्रज्ञांना मज्जातंतूंच्या आवरणाचे एक मोठे रहस्य उमगले, हे फार थोड्यांच्या कानी आले असेल. त्या आवरणाची आणि त्यातील प्रथिनांची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटते.

सुरळीच्या वडीसारखे आवरण

मेंदूचे संदेश मज्जातंतूंमधून विजेच्या रूपाने धावतात. ज्या बारीक तंतूंवर आवरण नसते, त्यांतून संदेश सेकंदाला मीटरभर, फार तर दोन मीटर सरकतो. आवरण असलेल्या जाड तंतूंतून तोच संदेश सेकंदाला शंभर मीटरपर्यंत वेग गाठतो. या आवरणाला जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५४ साली 'मायेलिन' हे नाव दिले. तान्हे मूल प्रथम मान धरते, मग रांगते, मग पाऊल टाकते. या क्रमामागे मायेलिनची टप्प्याटप्प्याने होणारी वाढ हे एक महत्त्वाचे कारण आहे.

हे आवरण कसे तयार होते? सुरळीची वडी डोळ्यांसमोर आणावी. विशिष्ट पेशी आपल्या अंगाचा पातळ पापुद्रा तंतूभोवती वेढ्यावर वेढे देत गुंडाळते. मेंदूत हे काम ऑलिगोडेंड्रोसाइट या पेशी करतात, तर हातापायांकडे जाणाऱ्या नसांमध्ये 'श्वान' पेशी करतात. या श्वानाचा कुत्र्याशी काही संबंध नाही. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचे ते आडनाव आहे!

मायेलिनमधील पाण्याचा अंश वगळला, तर उरलेल्या वजनाचा सत्तर ते ऐंशी टक्के भाग मेदाचा आणि बाकीचा प्रथिनांचा असतो. प्रथिने प्रमाणाने थोडी, पण पापुद्रे एकमेकांस घट्ट धरून ठेवण्याचे काम त्यांचेच. १९५१ साली जोर्दी फोल्क-पी आणि मार्जोरी लीस यांनी अमेरिकेत यांतील प्रोटिओलिपिड हे चमत्कारिक प्रथिन प्रकाशात आणले. ते पाण्याऐवजी क्लोरोफॉर्म व मेथॅनॉल यांच्या मिश्रणात विरघळत असे. दुसरे प्रमुख प्रथिन 'मायेलिन बेसिक प्रोटीन'. ते शुद्ध स्वरूपात वेगळे करून अभ्यासणाऱ्यांत एलिझाबेथ रोबोझ आइन्स्टाइन या विदुषी होत्या. अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या त्या स्नुषा. या प्रथिनाचे जनुक बिघडलेले उंदीर जन्मानंतर थोड्याच दिवसांत थरथरू लागतात, त्यांना झटके येतात आणि ते अल्पायुषी ठरतात. एका प्रथिनावाचून सारी सुरळीच बिघडते!

कुंपणच शेत खाते तेव्हा

आता पुन्हा लसीकडे वळू. लुई पाश्चर यांनी १८८५ साली वापरलेली लस सशाच्या मज्जारज्जूपासून केलेली होती. पुढे १९११ साली कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून, तो फिनॉलने निष्प्रभ करून नवी लस सिद्ध केली. ती स्वस्त होती, करावयास सोपी होती, आणि तिने असंख्य जीव वाचविले. तथापि लस घेणाऱ्यांपैकी काहींना दोन-तीन आठवड्यांत हातापायांची शक्ती जाऊन पक्षाघात होई. रेबीज झालेला नसे. मग हा घाला कोणाचा?

उत्तर १९३३ साली न्यूयॉर्कमध्ये मिळू लागले. टॉमस रिव्हर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क वारंवार टोचला. त्यात रोगजंतू नव्हते, तरीही काही माकडांना मेंदूचा दाह झाला. म्हणजे दोष विषाणूचा नव्हता, मेंदूच्या अंशाचा होता. परक्या मेंदूतील मायेलिनवर तुटून पडण्यास शिकलेली शरीराची संरक्षक सेना स्वतःच्या मायेलिनवरही उलटत होती. १९८७ साली थायलंडमधील हेमाचुधा आणि सहकाऱ्यांनी अशा लसीनंतर आजारी पडलेल्या रुग्णांत मायेलिन बेसिक प्रोटीनविरुद्ध प्रतिपिंडे दाखवून दिली.

काट्याने काटा

१८६८ साली पॅरिसचे वैद्य शार्को यांनी वर्णिलेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगातही मेंदू व मज्जारज्जूतील मायेलिन जागोजागी नष्ट होते. दृष्टी अंधुक होते, हातपाय बधिर होतात, तोल जातो. त्याचे मूळ कारण अद्याप पुरते उलगडलेले नाही. परंतु इस्रायलमधील वाइझमन संस्थेत मायकेल सेला, रूथ आर्नोन आणि द्वोरा टाइटेलबाउम यांनी मायेलिन बेसिक प्रोटीनसारखे कृत्रिम द्रव्य चार ॲमिनो आम्लांपासून बनविले. त्याने प्राण्यांत मायेलिनचा रोग उत्पन्न होईल, असा त्यांचा कयास होता. घडले उलटेच, त्या द्रव्याने रोगास आळा घातला! हेच ग्लॅटिरामर या नावाने १९९६ साली अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले. ते रोग समूळ घालवीत नाही, पण काही रुग्णांत त्याचे झटके कमी करते.

मेंढीच्या मेंदूची लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आजची लस प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींपासून होते. तिच्यात मेंदूचा अंश नसतो, आणि ती पोटात नव्हे, दंडात चार-पाच वेळा देतात. दुर्दैवाने लस बदलली तरी चौदा सुयांची भीती घराघरांत टिकून आहे, आणि तिच्यापायी दवाखाना टाळणारी माणसे आजही भेटतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण बहुधा हाती लागत नाही. म्हणून कुत्रा चावताच जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि सर्व मात्रा वेळेवर पूर्ण कराव्यात. मुलांनाही हे आजच सांगून ठेवावे, म्हणजे ती चावा लपविणार नाहीत.