मलाक्कातली गस्त कोणाची?

नोव्हेंबर 1999. अरबी समुद्रात तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ने एका मालवाहू जहाजाचा पाठलाग सुरू केला. जहाजावर नाव होते ‘मेगा रामा’. थांबण्याचे इशारे त्याने जुमानले नाहीत. नौदलाच्या ‘प्रहार’ने गोळीबार केला तेव्हा कुठे ते थांबले. ते नाव खोटे होते. जहाजाचे खरे नाव ‘अलोंड्रा रेनबो’. जपानी मालकीचे हे जहाज सुमारे 7 हजार टन अॅल्युमिनियम भरून सुमात्राच्या क्वाला तंजुंग बंदरातून जपानला निघाले होते. मलाक्का सामुद्रधुनीच्या परिसरात चाच्यांनी ते पळवले आणि 17 खलाशांना तराफ्यावर समुद्रात सोडून दिले. किती तरी दिवसांनी थायलंडच्या मच्छीमारांना ते जिवंत सापडले.

चाच्यांवर मुंबईत खटला चालला. 2003 मध्ये त्यांना शिक्षा झाली आणि 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ते सुटले. चाचेगिरीविरुद्धचा स्वतंत्र कायदाच तेव्हा आपल्याकडे नव्हता. तो संसदेत मंजूर झाला डिसेंबर 2022 मध्ये. कोकणात ज्या घरातला माणूस ‘शिपवर’ आहे, त्या घराला हे प्रकरण दूरच्या देशातले कधीच वाटले नसेल.

मलाक्काच्या वाटेवर पहारा हवा, याबद्दल तेव्हाही कोणाचे दुमत नव्हते. वाद होता तो पहारा कोणी द्यायचा याचा. सुमात्रा आणि मलाय द्वीपकल्प यांच्यामधली ही आठ-नऊशे किलोमीटर लांबीची पट्टी. वर्षाला 80 हजारांहून अधिक जहाजे इथून जातात. सिंगापूरजवळ फिलिप चॅनेलमध्ये तर वाट तीन किलोमीटरहूनही अरुंद होते. जपान, चीन, कोरियाचे तेल याच वाटेने जाते. म्हणून ही वाट साऱ्या जगाची, असे जगाला वाटते. पण ज्या पाण्यातून ती जाते ते पाणी जगाचे नाही.

इंडोनेशियाने 1957 मध्ये आणि मलेशियाने 1969 मध्ये आपापली सागरी हद्द 12 सागरी मैलांपर्यंत वाढवली. दोन्ही काठांवरून बारा-बारा मैल मोजले की दक्षिणेकडच्या अरुंद भागात खुला समुद्र उरतच नाही. 1971 मध्ये दोघांनी जाहीर केले की ही आंतरराष्ट्रीय सामुद्रधुनी नाही, निरुपद्रवी जहाजांना मात्र जायला मोकळीक आहे. मोठ्या आरमारांना हे मान्य होणे शक्य नव्हते. अखेर 1982 च्या सागरी कायद्याच्या करारात तोडगा निघाला. पाणी किनाऱ्यावरच्या देशाचे, पण सर्वांच्या जहाजांना, युद्धनौकांनाही, न थांबता पार जाण्याचा हक्क. हा हक्क फक्त जाण्याचा आहे. तिथे रेंगाळून पहारा देणे, दुसऱ्याची नौका अडवून झडती घेणे त्यात बसत नाही. सारा वाद या फरकावर उभा आहे.

मार्च 2004 मध्ये अमेरिकेच्या पॅसिफिक विभागाचे प्रमुख अॅडमिरल थॉमस फार्गो यांनी अमेरिकी काँग्रेससमोर एका प्रादेशिक सुरक्षा योजनेची माहिती दिली. वेगवान नौकांवर विशेष दलाचे सैनिक ठेवण्याचा उल्लेख त्यात आला आणि बातमी पसरली की अमेरिका मलाक्कात गस्त घालणार. सिंगापूरने प्रस्तावाचे फारसे वावडे मानले नाही. क्वालालंपूर आणि जकार्ता यांनी मात्र स्पष्ट नकार दिला. आमच्या पाण्याची राखण आम्ही करू.

या नकाराला मी हट्ट म्हणणार नाही. 1510 मध्ये गोवा घेतल्यावर दुसऱ्याच वर्षी पोर्तुगीज सेनानी आफोन्सो दे अल्बुकर्क मलाक्कावर चालून गेला. पुढे तिथे डच आले, मग इंग्रज, आणि 1824 मध्ये या दोघांनी युरोपात बसून ही सामुद्रधुनी आपसात वाटून घेतली. व्यापाराचे रक्षण हे कारण प्रत्येकाकडे होते. आपल्या किनाऱ्याने तेच सोसले. पोर्तुगीज आपल्या कर्ताझशिवाय, म्हणजे परवान्याशिवाय, जहाजे फिरू देत नसत. सरखेल कान्होजी आंग्रे यांनी आपले दस्तक सक्तीचे केले, तेव्हा इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवले. ज्याचा पहारा, त्याची हुकमत. हे कोकणच्या माणसाला कोणत्या कराराचे कलम वाचून कळायला नको.

नकार देऊन हे देश हातावर हात ठेवून बसले नाहीत, म्हणून ही कथा मला मोलाची वाटते. जुलै 2004 मध्ये मलेशिया, इंडोनेशिया आणि सिंगापूरच्या सतरा नौकांनी समन्वित गस्त सुरू केली. समन्वित म्हणजे प्रत्येकाने आपल्याच हद्दीत फिरायचे आणि खबर एकमेकांना द्यायची. चाच्याने सीमारेषा ओलांडली की पाठलाग तिथेच सोडायचा. ही मोठीच उणीव होती. जून 2005 मध्ये लंडनच्या विमा बाजाराने सामुद्रधुनीला युद्धजोखमीच्या यादीत टाकले, आणि ते या देशांना झोंबले. सप्टेंबरमध्ये संयुक्त हवाई टेहळणी सुरू झाली. विमानाला शेजाऱ्याच्या हद्दीवरून उडता येते, पण किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत जायचे नाही. विमानात सहभागी देशांचे अधिकारी एकत्र बसतात. ऑगस्ट 2006 मध्ये सामुद्रधुनीचे नाव विमा बाजाराच्या यादीतून निघाले. श्रेय एकट्या गस्तीचे नाही. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीने सुमात्राच्या आचे प्रांताचा किनारा उद्ध्वस्त केला होता आणि पुढच्या ऑगस्टमध्ये तिथल्या बंडखोरांशी शांतता करार झाला, त्याचाही वाटा होता. 2008 मध्ये थायलंडही गस्तीत आला.

यात भारत दोन्ही बाजूंना उभा राहिलेला आहे. 2002 मध्ये ‘सुकन्या’ आणि ‘शारदा’ या आपल्या नौका अमेरिकेची मोलाची जहाजे याच सामुद्रधुनीतून सोबतीने पार करून देत होत्या. एप्रिल 2021 मध्ये अमेरिकेची ‘जॉन पॉल जोन्स’ ही विनाशिका लक्षद्वीपच्या पश्चिमेला 130 सागरी मैलांवर, आपल्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, परवानगी न घेता फिरली आणि अमेरिकी आरमाराने ते निवेदन काढून जाहीर केले. आपण चिंता कळवली. परवानगी हवीच, ही आपली भूमिका सगळ्या देशांना मान्य नाही, आणि अमेरिकेने तर 1982 च्या कराराला अजून मंजुरीच दिलेली नाही. पण त्या दिवशी दिल्लीला जे बोचले, तेच 2004 मध्ये जकार्ताला बोचले होते.

आता भारताला मलाक्काच्या गस्तीत सहभागी व्हायचे आहे. निकोबारच्या इंदिरा पॉइंटपासून सुमात्राचे टोक फार दूर नाही, म्हणजे या वाटेच्या पश्चिमेकडच्या तोंडाशी आपले घर आहेच. तरी दार उघडायचे की नाही, हे ते चार देश ठरवणार. त्यांनी उघडलेच, तर आपल्याला त्यांच्या अटींवर, त्यांचा अधिकारी शेजारी बसवून आणि किनाऱ्यापासूनचे तीन मैल पाळून उडावे लागेल. तेच योग्य आहे, असे मला वाटते.